जुन्या गाडीचे घरच्या घरी सर्व्हिसिंग: काय करता येते आणि काय मेकॅनिकवरच सोडावे?

१४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची चावी ग्राहकाच्या हाती पडली. जानेवारी २०१४ मध्ये या गाडीचे उत्पादन थांबले. तरीही महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, गावाकडच्या अंगणात आणि तालुक्याच्या बाजारपेठेत ही गाडी आजही दिसते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये अशा गाडीकडे लक्ष द्यायला फारसा कोणाला वेळ नसतो आणि ओळखीचे जुने मेकॅनिक हळूहळू कमी होत आहेत. त्यामुळे अनेक मालक नेहमीची छोटी कामे स्वतः करतात.

मारुती ८०० चे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन रचनेने साधे आहे. बॉनेट उघडले की बहुतेक भाग समोर दिसतात आणि हाताला लागतात. पण काम सोपे असले तरी चूक झाली तर ती महागात पडते, कधी जिवावरही बेतते. म्हणून सुरुवात करण्याआधी मर्यादा ठरवणे गरजेचे आहे.

कोणती कामे घरी करता येतात?

घरी करण्याजोगी कामे:
- इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलणे
- एअर फिल्टर साफ करणे किंवा बदलणे
- स्पार्क प्लग तपासणे, बदलणे
- कूलंट, ब्रेक ऑइल आणि बॅटरी यांची तपासणी
- टायरमधली हवा आणि झीज पाहणे
- वायपर, बल्ब आणि फ्यूज बदलणे

मेकॅनिकवर सोडण्याची कामे:
- ब्रेकची दुरुस्ती आणि ब्रेकमधली हवा काढणे
- टायमिंग बेल्ट
- क्लच आणि गिअरबॉक्स
- स्टिअरिंग आणि सस्पेन्शन
- पेट्रोलची गळती

फरक साधा आहे. पहिल्या यादीतली चूक बहुतेक वेळा गाडी उभी असतानाच लक्षात येते. दुसऱ्या यादीतली चूक घाटात किंवा हायवेवर लक्षात येते.

कोणती अवजारे लागतात?

रिंग पाने आणि गोटी पान्यांचा संच, प्लग पाना, ऑइल फिल्टर उघडण्याचा पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर, नरसाळे, जळके ऑइल धरायला पसरट घमेले, हातमोजे आणि चिंध्या एवढे पुरते. जॅक स्टँडची जोडी (गॅरेजच्या भाषेत घोडी) मात्र टाळू नये. त्याचबरोबर गाडीचे मूळ मॅन्युअल जवळ असावे. कोणत्या ग्रेडचे ऑइल, किती लिटर, प्लगमध्ये किती फट, टायरमध्ये किती हवा हे सगळे त्यात दिलेले असते. २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय इंजिन आले. त्यामुळे एकाच नावाच्या दोन गाड्यांचे आकडे वेगळे असू शकतात. सुटे भाग घेताना मॉडेल आणि वर्ष सांगून घ्यावेत.

गाडी उचलताना काय काळजी घ्यावी?

घरच्या सर्व्हिसिंगमधली ही सर्वांत धोक्याची पायरी आहे. गाडीसोबत मिळणारा जॅक फक्त स्टेपनी बदलण्यासाठी असतो. त्याच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये.

जागा सपाट आणि टणक असावी. उताराचा रस्ता, माती, सैल पेव्हर ब्लॉक किंवा उन्हात मऊ झालेले डांबर चालत नाही. हँडब्रेक लावावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत. गाडी उचलल्यावर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी घोड्या लावून वजन त्यांच्यावर घ्यावे. खाली जाण्याआधी हाताने गाडी हलवून ती स्थिर आहे याची खात्री करावी.

घोड्यांऐवजी विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक रचण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. वीट वजनाखाली हळूहळू वाकत नाही, ती एकदम फुटते. तेव्हा बाजूला होण्याइतका वेळ मिळत नाही. जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. कोकणासारख्या दमट भागात गाडीचा खालचा पत्रा गंजून पोकळ झालेला असू शकतो. तिथे जॅक लावला तर तो पत्रा फोडून आत शिरतो. जॅक लावण्याची जागा आधी ठोकून तपासावी. शिवाय काम करताना घरातले कोणीतरी हाकेच्या अंतरावर असावे.

इंजिन ऑइल कसे बदलावे?

जुन्या पेट्रोल गाड्यांत ऑइल बदलण्याचे अंतर नव्या गाड्यांपेक्षा कमी असते. गाडी फार धावत नसली तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावे, कारण उभ्या गाडीतही ऑइलमध्ये ओलावा साचतो.

१. इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करावे. कोमट ऑइल पातळ होते आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर पडते. कडक तापलेल्या इंजिनवर हे काम करू नये, हात भाजतो.

२. ऑइल भरण्याचे झाकण सैल करावे, खाली घमेले ठेवावे आणि चेंबरचा ड्रेन नट उघडावा. ऑइल थेंब-थेंब होईपर्यंत थांबावे.

३. ड्रेन नटचा वायसर नवा टाकावा. नट आधी हाताने बसवावा, मग पान्याने आवळावा. जास्त जोर लावल्यास आटे जातात आणि हजारोंचा खर्च उभा राहतो.

४. जुना फिल्टर काढावा. त्याची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे पाहावे. जुन्या रिंगवर नवा फिल्टर बसवला तर गाडी सुरू होताच ऑइल फवारले जाते.

५. नव्या फिल्टरच्या रिंगला ऑइलचे बोट लावावे. फिल्टर हातानेच बसवावा. रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा पुरतो.

६. ऑइल एकदम पूर्ण न भरता टप्प्याटप्प्याने भरावे आणि पट्टीवर पातळी पाहावी. इंजिन सुरू केल्यावर डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर इंजिन लगेच बंद करावे.

७. नट आणि फिल्टरजवळ गळती नाही ना, ते पाहावे. इंजिन बंद करून काही मिनिटांनी पट्टी पुसून पुन्हा पातळी तपासावी. ती दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ असावी. वरच्या खुणेच्या पलीकडे ऑइल भरणेही इंजिनला घातक असते.

निघालेले ऑइल नीट पाहावे. काळे ऑइल ही नेहमीची गोष्ट आहे. ते दुधाळ चहासारखे दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले आहे आणि हेड गॅस्केट गेल्याची शक्यता आहे. त्यात धातूचा चुरा चमकत असेल तर गाडी न चालवता मेकॅनिकला दाखवावी.

एअर फिल्टर आणि प्लग काय सांगतात?

धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर लवकर भरतो. मग इंजिनला हवा कमी पडते. कार्ब्युरेटरच्या गाडीत याचा परिणाम सरळ ॲव्हरेजवर आणि धुरावर दिसतो. कागदी फिल्टर हलक्या हाताने झटकावा, पाण्याने धुऊ नये. उजेडासमोर धरून आरपार उजेड दिसत नसेल तर तो बदलावा.

प्लग इंजिन थंड असताना काढावेत आणि एका वेळी एकच काढावा, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. प्लग काढण्याआधी आजूबाजूची धूळ फुंकून काढावी. फिकट तपकिरी टोक म्हणजे इंजिन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. ओला तेलकट थर असेल तर ऑइल जळत आहे. पांढरेफटक टोक इंजिन जास्त तापत असल्याची खूण असते.

प्लग परत बसवताना पहिले फेरे बोटांनी द्यावेत. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असल्याने तिरका घुसवलेला प्लग त्याचे आटे कायमचे खराब करतो.

कूलंट आणि ब्रेक ऑइल

गरम इंजिनवर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच उकळते पाणी तोंडावर उडते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच पातळी पाहावी. नळाच्या पाण्यातल्या क्षारांमुळे रेडिएटर आतून तुंबतो, म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरावे. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर पण विषारी असते. ते सांडले तर लगेच धुऊन काढावे आणि मुले, कुत्री-मांजरे यांच्यापासून दूर ठेवावे.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. नव्या डॉट ३ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. मग लांब उतारावर ब्रेक तापले की ऑइलमध्ये वाफ होते आणि पेडल खोल जाते. आंबोली किंवा वरंध घाटाच्या उतारावर याचा अर्थ काय होतो, ते वेगळे सांगायला नको. म्हणून साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलून घ्यावे.

ब्रेक ऑइलची पातळी कमी दिसली तर नुसते ऑइल ओतून मोकळे होऊ नये. पॅड झिजले की पातळी हळूहळू खाली येते, पण ती अचानक खाली आली तर कुठेतरी गळती आहे. पेडल मऊ लागणे, गाडी एका बाजूला ओढणे किंवा घासल्याचा आवाज येणे यांपैकी काहीही असेल तर गाडी मेकॅनिककडेच न्यावी. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पंपाने उडवू नये.

बॅटरी, वायरी आणि पेट्रोलचे पाइप

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे आणि बसवताना ते शेवटी जोडावे. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने काढता येतो. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ विडी-सिगारेट किंवा ठिणगी नको. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. तिथे तार गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण.

पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर शिरून वायरी कुरतडतात. जुन्या गाडीतले पेट्रोलचे रबरी पाइपही वयाने कडक होतात, तडकतात. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या प्रकारचे रबर त्याने लवकर खराब होऊ शकते. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नये.

टायर किती जुना आहे, हे कसे ओळखावे?

टायरच्या बाजूला चार आकडे एकत्र छापलेले असतात. ‘२३१९’ असे असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात तयार झाला आहे. कमी धावणाऱ्या गाडीच्या टायरवर नक्षी शिल्लक दिसते, पण रबर कडक होऊन बाजूला भेगा पडलेल्या असतात. असा टायर वेगात फुटू शकतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदलावाच लागतो. हवा नेहमी टायर थंड असताना तपासावी आणि स्टेपनी विसरू नये.

जळक्या ऑइलचे काय करावे?

जळके ऑइल गटारात, नाल्यात किंवा मातीत ओतू नये. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून असे ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे, तिथून ते पुनर्प्रक्रियेला जाते. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्यावी. जळके ऑइल त्वचेलाही अपायकारक असते, म्हणून हातमोजे वापरावेत आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. पेट्रोलने हात धुऊ नयेत.

कागदपत्रांचे काय?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी पीयूसी काढावे लागते. स्वच्छ एअर फिल्टर, चांगले प्लग आणि ताजे ऑइल असेल तर पीयूसीच्या चाचणीत अडचण येण्याची शक्यता कमी होते.

प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि बदललेला भाग एका वहीत लिहून ठेवावा. दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल किती कमी झाले, कूलंट किती वेळा घालावे लागले, हे त्या वहीतून कळते. ऑइल दर वेळी कमी भरत असेल किंवा कूलंट सारखे घालावे लागत असेल, तर घरचे काम तिथेच थांबवून वही घेऊन मेकॅनिककडे जावे. गाडीत नेमके काय बिघडत आहे, याचा पहिला धागा त्याला त्या पानांवरच सापडतो.