सात सेकंदांचा वारसा

1980 साली अमेरिकन हेलिकॉप्टर सोसायटीने इगोर सिकोर्स्की यांच्या नावाने एक बक्षीस जाहीर केले. फक्त माणसाच्या अंगमेहनतीवर चालणाऱ्या हेलिकॉप्टरने 60 सेकंद हवेत राहायचे, तेवढ्यात एकदा तरी 3 मीटर उंची गाठायची आणि 10 मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनाबाहेर सरकायचे नाही, अशी अट होती. 33 वर्षे ते बक्षीस कोणाच्याच हाती लागले नाही. 2013 मध्ये कॅनडाच्या एरोव्हेलो चमूच्या ‘ॲटलस’ने ते पटकावले आणि तेव्हापासून हा इतिहास त्या एका उड्डाणाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला ही मांडणी अपुरी वाटते. माणसाला पेडल मारून जागच्या जागी वर उचलणारे यंत्र घडले ते विद्यार्थ्यांच्या कार्यशाळांत. अट पुरी करू न शकलेल्या प्रत्येक यंत्राने एकेक प्रश्न कायमचा निकालात काढला, म्हणून शेवटच्या चमूला तो पुन्हा सोडवावा लागला नाही.

मुळात काम किती अवघड होते, हे आधी पाहायला हवे. 1979 मध्येच पॉल मॅक्रेडी यांच्या ‘गॉसमर अल्बट्रॉस’ने पेडलच्या जोरावर इंग्लिश खाडी ओलांडली होती, तेव्हा हेलिकॉप्टरही फार दूर नसावे असे वाटणे स्वाभाविक होते. पण विमानाच्या पंखाला पुढे सरकताना सतत नवी, स्थिर हवा मिळते. एका जागी तरंगणाऱ्या यंत्राला मात्र स्वतःच खाली ढकललेल्या हवेतच आधार शोधावा लागतो. लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते आणि पात्यांनी व्यापलेल्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. म्हणजे क्षेत्रफळ चौपट केले तरी शक्ती जेमतेम निम्म्यावर येते, उलट वजन दहा टक्के उतरवले तर शक्तीची गरज जवळपास पंधरा टक्क्यांनी कमी होते. कसलेला सायकलपटूसुद्धा एक अश्वशक्ती फार तर मिनिटभर देऊ शकतो. तेव्हा पाती अवाढव्य हवीत आणि तरीही यंत्र एका माणसाहून हलके हवे. सगळी मेख इथेच होती.

कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पोच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 10 डिसेंबर 1989 रोजी ‘दा विंची 3’ जमिनीवरून सुमारे 20 सेंटिमीटर उचलले. ते 7.1 सेकंद हवेत राहिले. बक्षिसाच्या हिशेबाने हे काहीच नव्हते, पण माणसाच्या ताकदीवर हेलिकॉप्टर जमीन सोडू शकते की नाही हा वाद त्या दिवशी संपला. त्या यंत्राला एकच प्रचंड रोटर होता आणि तो टोकांवरच्या छोट्या पंख्यांनी फिरत असे. खालचा सांगाडा उलटा फिरू नये यासाठी ती युक्ती होती, मात्र यंत्राचा तोल नाजूकच राहिला. जपानमधील निहोन विद्यापीठाच्या ‘युरी 1’ने 1994 मध्ये मार्ग बदलला. त्यांनी चार कोपऱ्यांना चार रोटर आणि मध्ये चालक अशी रचना केली. दोन रोटर एका दिशेने, दोन उलट दिशेने फिरले की पीळ आपोआप फिटतो आणि यंत्राला चार बाजूंनी आधार मिळतो. ‘युरी’ 19.46 सेकंद तरंगले. पुढची दोन्ही मोठी यंत्रे याच चौकोनी रचनेवर उभी राहिली.

मग मेरीलँड विद्यापीठाची ‘गमेरा’ आली. पहिल्या ‘गमेरा’चे वजन सुमारे 48 किलो होते आणि 2011 मध्ये एका विद्यार्थिनीने ती चारेक सेकंद हवेत ठेवली. चालक हातांनी आणि पायांनी एकाच वेळी दांडे फिरवतो, त्याने रोटरच्या रिळावरचा दोरा ओढला जातो आणि दोरा संपला की उड्डाण संपते. दुसऱ्या ‘गमेरा’साठी विद्यार्थ्यांनी सांगाडाच नव्याने विचारात घेतला. साध्या नळीच्या जागी त्यांनी कार्बनच्या धाग्यांची, नळीएवढ्याच जाडीची बारीक त्रिकोणी जाळी वापरली आणि वजन 32 किलोंवर आणले. चालक 60 किलोंचा धरला तर केवळ या घटीने शक्तीची गरज पाचव्या हिश्श्याहून जास्त उतरते. अशा घटीचे मोल बाहेरच्याला चटकन कळत नाही. माझ्या मते संपूर्ण इतिहासातले सर्वांत देखणे अभियांत्रिकी काम हेच. 2012 मध्ये हे यंत्र आधी 49.9 आणि मग 65.1 सेकंद टिकले, दुसऱ्या एका उड्डाणात सुमारे अडीच मीटर उंच गेले. वेळ आणि उंची मात्र एकाच उड्डाणात जुळली नाहीत, आणि सरकणे आवरणे हाही प्रश्न उरला होता.

यावर कोणी म्हणेल, जिंकणारे तर विद्यार्थी नव्हते. खरे आहे, पण एरोव्हेलोचे टॉड राइशर्ट आणि कॅमेरॉन रॉबर्टसन हे टोरांटो विद्यापीठातच घडले होते. 2010 मध्ये पंख फडफडवत उडणारे ‘स्नोबर्ड’ त्यांनी विद्यार्थ्यांच्या चमूतूनच उडवले. ‘ॲटलस’ला त्यांनी ‘युरी’चीच चार रोटरांची मांडणी दिली, प्रत्येक रोटरचा व्यास वीस मीटरांवर नेला आणि 55 किलो वजन पत्करले. त्यांची खरी भर नियंत्रणात होती. चालकाने सायकल कलती केली की ताणलेल्या दोऱ्यांतून रोटर कलत आणि यंत्र जागेवर परत येई. 13 जून 2013 रोजी टोरांटोजवळच्या एका बंदिस्त फुटबॉल मैदानात ते 64.11 सेकंद तरंगले, 3.3 मीटर उंच गेले आणि 9.8 मीटरच सरकले. कार्बन धागा उपलब्ध झाला म्हणून हे केव्हातरी होणारच होते, असाही युक्तिवाद होतो. पण धागा सर्वांनाच मिळत होता. त्याची जाळी किती बारीक करता येईल आणि ती कुठे मोडेल, हे मोडून पाहणाऱ्यांनाच कळले.

आणखी एक आक्षेप पैशाचा आहे. 2009 मध्ये बक्षिसाची रक्कम अडीच लाख डॉलरवर गेली, तेव्हाच गती आली असे सांगतात. गती आली हे मान्य, मेरीलँड आणि टोरांटोचे यश त्यानंतरचेच आहे. परंतु ‘दा विंची’ आणि ‘युरी’ उडाले तेव्हा ती रक्कम याच्या पासंगालाही पुरत नव्हती. आणि बक्षीस टोरांटोला गेल्यावर, मिळवण्यासारखे काही उरले नसताना, मेरीलँडच्या चमूने सप्टेंबर 2013 मध्ये सुधारलेली ‘गमेरा’ पुन्हा उडवली. त्या वेळी ती 97.5 सेकंद हवेत राहिली.