इंजिन एकीचे, सांगाडा दुसरीचा

आपल्यापैकी ज्यांच्या दारात स्वतःचे वाहन आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर त्याचे नोंदणीपत्र जरा निरखून पाहावे. त्यावर गाडीच्या क्रमांकाखेरीज आणखी दोन क्रमांक आढळतील. एक सांगाड्याचा, ज्याला आपले गॅरेजवाले चासी म्हणतात, दुसरा इंजिनाचा. एकाच वाहनाला दोन क्रमांक कशासाठी, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. माझ्या मनात तो आला, त्याला कारण एक वापरलेली स्कूटर. ती नावावर करून घ्यायला गेलो, तेव्हा तेथील कारकुनाने कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासली आणि चासीचा ठसा घेतला. तो जुळला. इंजिनाचा मात्र काही केल्या जुळेना. विकणाऱ्या गृहस्थांनी मध्यंतरी दुसरेच इंजिन चढवले होते आणि ते मला सांगायला ते सोयिस्करपणे विसरले होते. पुढे तीन महिने मी खेटे घातले. त्या तीन महिन्यांत बाकावर बसून एकच विचार करीत असे: मी पैसे मोजून घेतली ती स्कूटर नेमकी कोणती?

माझा प्रश्न काही हजारांचा होता. जुन्या शर्यतीच्या मोटारी जमवणाऱ्यांच्या जगात हाच प्रश्न कोट्यवधींचा होतो. तेथे ‘मॅचिंग नंबर्स’ असा एक परवलीचा शब्द आहे. कारखान्यातून मोटार बाहेर पडली त्या दिवशी तिच्यात जे इंजिन होते तेच आजही आहे, आणि कारखान्याच्या वहीतली नोंद, सांगाड्यावरचा आकडा व इंजिनावरचा आकडा ही तिन्ही एकमेकांना साक्ष देतात, असा त्याचा अर्थ. जिची साक्ष जुळते तिचे मोल एक, जिची जुळत नाही तिचे दुसरे. आणि या दोन मोलांत जे अंतर आहे, त्या अंतरातच खोट्याला जागा मिळते. जुना आकडा घासून काढायचा आणि नवा ठोकायचा, एवढेच काम. म्हणून हरवलेले इंजिन शोधून मूळ मोटारीत परत बसवण्यासाठी माणसे वीस-वीस वर्षे खंड पालथे घालतात.

पण मुळात इंजिने आणि मोटारी एकमेकांपासून दुरावतातच कशा? आज ज्या मोटारी देव्हाऱ्यात बसल्या आहेत, त्या आपल्या उमेदीच्या काळात निव्वळ हत्यारे होती. शर्यतीत इंजिन फुटले की कारखाना दुसरे चढवी; फुटलेले दुरुस्त झाले की ते तिसऱ्याच मोटारीत जाई. शर्यतीचा हंगाम संपला की मोटारीला कोणी विचारीत नसे. अमेरिकेत १९५० आणि १९६० च्या दशकांत फेरारीचे नाजूक इटालियन इंजिन बिघडले, तर ते काढून सरळ शेव्हरोलेचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवणारे कितीतरी निघाले. ते स्वस्त होते, दणकट होते आणि कोपऱ्यावरच्या फिटरला कळत होते. फ्रान्समध्ये बुगाटीने आपल्या ‘रॉयाल’ या राजेशाही मोटारीसाठी पावणेतेरा लिटरांची प्रचंड इंजिने बनवली. मंदीच्या दिवसांत मोटारी खपल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि तीच इंजिने त्याने १९३३ पासून रेल्वेच्या डब्यांत घातली! त्या वेळी त्यात कोणालाही पाप वाटले नाही. पावित्र्य ही नंतर आलेली गोष्ट आहे.

आता ज्या मोटारीसाठी मी हा विषय निवडला, तिच्याकडे वळतो. तिचे नाव फियाट एस ७६. फियाट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी येते. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला बनवलेल्या आणि पुढे पद्मिनी नाव मिळालेल्या त्या टॅक्सीचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरांचे होते. २०२३ साली ती मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. त्याच फियाटने १९१०-११ च्या सुमारास इटलीत ट्यूरिन येथे बांधलेल्या एस ७६ चे इंजिन २८,३५३ घन सेंटिमीटरांचे होते, म्हणजे आपल्या टॅक्सीची सव्वीस इंजिने त्यात मावावीत. सिलिंडर मात्र चारच. प्रत्येक सिलिंडरचा व्यास १९० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव २५० मिलिमीटर! शक्ती सुमारे २९० अश्वशक्तीची, आणि ती मागच्या चाकांना पोचवायची साखळीने, सायकलीला असते तशी.

एवढा अवाढव्य खटाटोप कशासाठी? तर जर्मनांच्या ‘ब्लिट्झेन बेन्झ’ या साडेएकवीस लिटरांच्या मोटारीने १९०९ साली इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ताशी दोनशे किलोमीटरांची वेस ओलांडली होती, ते ट्यूरिनला खुपत होते. फियाटने एस ७६ जातीच्या दोनच मोटारी बांधल्या. त्यांतली एक पिएत्रो बोर्दिनोने १९११ साली ब्रुकलँड्सला आणि यॉर्कशायरमधील सॉल्टबर्नच्या वाळूवर हाकली. एक बोरिस सुखानोव नावाच्या रशियन राजपुत्राने विकत घेतली. त्याच्यासाठी १९१३ साली बेल्जियममध्ये ऑस्टेंड येथे आर्थर ड्युरेने तिला ताशी सुमारे २१३ किलोमीटरांपर्यंत नेले. पण एकाच दिशेने. तोवर नियम झाला होता की दोन्ही दिशांनी धावून सरासरी काढायची. परतीची धाव ठरल्या वेळेत झाली नाही आणि विक्रम कागदावर चढलाच नाही. लवकरच महायुद्ध भडकले.

त्यानंतरची कथा एखाद्या दुभंगलेल्या घराण्यासारखी आहे. राजपुत्राच्या मोटारीचा सांगाडा, इंजिन गमावून, युद्धानंतर ऑस्ट्रेलियात पोचला. तेथे त्यात स्टुट्झ या अमेरिकन कंपनीचे इंजिन बसले आणि १९२० च्या दशकात अपघात होऊन गाडी मोडली. दुसरी मोटार फियाटने स्वतःजवळ ठेवली होती. ती कंपनीनेच मोडीत काढली, पण तिचे इंजिन मात्र वाचले. म्हणजे एका बहिणीचा सांगाडा पृथ्वीच्या त्या टोकाला, दुसरीचे इंजिन या टोकाला. डंकन पिटवे नावाच्या एका ब्रिटिश छांदिष्टाने २००३ च्या सुमारास तो सांगाडा ऑस्ट्रेलियातून आणला आणि पुढे ते इंजिनही मिळवले. मधल्या गोष्टी, म्हणजे गिअरबॉक्स, साखळीची यंत्रणा, रेडिएटर, वरचे पत्र्याचे अंग, जुन्या आराखड्यांवरून आणि छायाचित्रांवरून नव्याने घडवाव्या लागल्या. यात दहा वर्षांहून अधिक काळ गेला. २०१४ च्या नोव्हेंबरात ते इंजिन सुमारे शंभर वर्षांनी पुन्हा बोलले.

मग ही मोटार खरी की जोडलेली? सांगाडा अस्सल आहे, इंजिनही अस्सल आहे. पण कारखान्यातून निघाले त्या दिवशी ते एकमेकांचे नव्हते.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आपण ऐकला असेल; ज्याचे नाव डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने तेव्हाच्या औरंगाबादेतील महाविद्यालयाला दिले, तोच हा मिलिंद. राजा रथातून आला होता. नागसेनाने विचारले, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? धुरा, दांडी, जू? प्रत्येकाला राजा नाही म्हणत गेला आणि शेवटी त्याने कबूल केले की या सर्वांच्या आधारे ‘रथ’ हे नाव तेवढे चालते. दोन हजार वर्षांमागचा तो रथ घोड्यांचा होता, एवढाच फरक.

योगायोग असा की लंडनच्या उच्च न्यायालयालाही एकदा नागसेनाच्या आसनावर बसावे लागले. बेंटले कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ ही मोटार फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली होती. पहिल्या वर्षी वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन चालक होते, दुसऱ्या वर्षी बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन. तेव्हा तिच्यात साडेसहा लिटरांचे इंजिन होते. १९३२ साली त्या जागी आठ लिटरांचे इंजिन चढवून तिला ब्रुकलँड्सला उतरवले आणि तेथे क्लाइव्ह डनफी तिच्यासह धावपट्टीच्या उंच कडेवरून पलीकडे कोसळून मरण पावला. मोटार पुन्हा बांधली गेली, पुन्हा बदलली गेली. पुढे सुमारे एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला आणि घेणाऱ्याने माघार घेतली. त्याचे म्हणणे असे की ही ती मोटार नव्हेच, तिच्यात १९२९ चे उरले आहे काय? हिशेब केला तेव्हा १९२९ च्या मोटारीतले भाग अगदीच थोडे निघाले.

न्यायमूर्ती ऑटन यांनी जुलै १९९० मध्ये जो निकाल दिला तो मला फार विचारपूर्वक दिलेला वाटतो. त्यांनी दोन शब्द वेगळे केले. मूळच्या धातूच्या अर्थाने ही मोटार ‘मूळ’ नाही, हे त्यांनी मान्य केले. पण ती ‘अस्सल’ आहे. कारण तिच्या आयुष्याचा धागा कधी तुटला नाही, प्रत्येक बदल एकाच जिवंत मोटारीवर झाला आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी कोणतीही मोटार जगात नाही. घेणारा हरला.

हाच निकष फियाटला लावला तर काय दिसते? बेंटलेत धातू गेला आणि धागा राहिला. फियाटमध्ये नेमके उलटे: धातू राहिला, धागा तुटला. मी स्वतः तरी तिला ‘मूळ मोटार’ म्हणणार नाही. परंतु तिच्या मालकाने कोणता भाग कुठला हे लपवले नाही, इंजिनावर खोटा आकडा ठोकला नाही, नवे पत्रे जुने म्हणून दाखवले नाहीत. माझ्या स्कूटरवाल्या गृहस्थांपेक्षा हा मनुष्य मला कितीतरी सज्जन वाटतो.

आपल्या सरकारनेही २०२१ साली या प्रश्नाला हात घातला. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू झाली, क्रमांकाच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे आली. पण अट अशी की वाहन मूळ रूपात असावे आणि सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत भारी फेरफार झालेला नसावा. अट योग्यच आहे. तथापि आपल्या गॅरेजांत चाळीस वर्षे जे घडत आले ते पाहता, सुटे भाग न मिळाल्यामुळे ज्याने मिळेल ते इंजिन बसवून गाडी जिवंत ठेवली, त्याला ही अट जड जाणार आणि जिने वखारीत धूळ खाल्ली तिला ती सोपी जाणार, हे उघड आहे. नोंदणीत ‘इंजिन बदलले, अमुक साली, अमुक कारणाने’ असे लिहायला एक ओळ ठेवली असती, तर मला ते अधिक आवडले असते.

२०१५ साली इंग्लंडमधील गुडवुडच्या वार्षिक मेळ्यात एस ७६ लोकांसमोर धावली. तिच्या कुशीतील उघड्या धुराड्यांतून ज्वाळा बाहेर पडत होत्या. समजा, उद्या जगाच्या कोठल्या तरी कोपऱ्यातल्या भंगाराच्या ढिगात राजपुत्राच्या मोटारीचे स्वतःचे इंजिन सापडले, तर मालकाने काय करावे? सांगाड्याला त्याचे हक्काचे इंजिन द्यायचे, तर ज्याने त्याला शंभर वर्षांनी जागे केले ते बहिणीचे इंजिन पुन्हा उतरवावे लागेल. आणि त्या इंजिनाचा स्वतःचा सांगाडा तर फियाटने केव्हाच मोडून टाकला आहे.