रक्तातली खूण आणि माणसाचा निर्णय

रोग लवकर कळण्यात अहित ते काय, असे कोणालाही वाटेल. आम्हालाही तसेच वाटत असे. परंतु अष्ठीला, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचा इतिहास पाहिला, की हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही हे ध्यानात येते.

हा रोग पुरुषी संप्रेरकांवर पोसतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले. १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. पुढे १९७९ साली बफेलो येथे ग्रंथीतील पीएसए हे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. त्याच्या रक्तचाचणीला अमेरिकेत १९८६ साली मान्यता मिळाली, ती रोग जडलेल्यांवर नजर ठेवण्यापुरती. रोग हुडकण्यासाठी मिळाली ती १९९४ साली. तोवर निरोगी पुरुषांची तपासणी सर्रास सुरू झालीच होती. साधन आधी आले, विवेक मागून!

मुळात पीएसए ही ग्रंथीची खूण आहे, कर्करोगाची नव्हे. ग्रंथी वाढली वा सुजली तरी ते चढते. शिवाय यातले कित्येक कर्करोग इतके मंद असतात की रोगी दुसऱ्याच कारणाने जातो. उपचाराने मात्र लघवीवरचा ताबा वा पुरुषत्व गमावण्याची भीती असते.

२००९ साली दोन मोठे प्रयोग प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील प्रयोगात तपासणीने मृत्यू घटलेले दिसले नाहीत. पण तिथे न तपासायच्या गटातल्या पुष्कळांनीही चाचणी करून घेतली होती. युरोपातील प्रयोगात मृत्यू घटले. त्याच प्रयोगाचा तेवीस वर्षांचा हिशेब २०२५ साली आला : तपासणीस बोलावलेल्या ४५६ पुरुषांमागे एक मृत्यू टळला.

अमेरिकेच्या तज्ज्ञमंडळाने २०१२ साली ही तपासणी नकोच म्हटले. २०१८ साली, ५५ ते ६९ वयाच्या पुरुषाने डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे, असे सांगितले. ही धरसोड नव्हे. तराजू तोच, पारड्यातले वजन बदलले.

तेव्हा रक्त देण्यापूर्वीच विचारावे : आकडा चढलेला निघाला तर पुढे काय? वडिलांना वा भावाला हा रोग झाला असेल, तर धोका अधिक; त्याने हा विचार लवकर करावा. लघवीतून रक्त जात असेल, तर मात्र हा वाद बाजूला ठेवून तडक डॉक्टर गाठावा. मंद रोगावर नुसती नजर ठेवणे हाही आज मान्य मार्ग आहे. भीतीने तपासू नये आणि भीतीने टाळूही नये, एवढेच आम्ही या इतिहासातून शिकलो.