मांडवाची मेढ आणि रानाचा कायदा

वेलाला आधार लागतो, हे सांगण्यासाठी ग्रंथ उघडावा लागत नाही. तो आधार कोणत्या लाकडाचा, आणि ते लाकूड कोणी कोणाला विचारून आणले, या प्रश्नांना मात्र इतिहास आहे. जांबोटी परिसरातील परसांत पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहत आलेल्या मांडवाच्या निमित्ताने तो थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे.

जांबोटी हे खानापूर तालुक्यातील, बेळगावहून चोर्ल्यामार्गे गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गाव. पुढे कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. पाऊस येथे पाहुण्यासारखा येत नाही. तो मुक्कामालाच येतो. अशा प्रदेशात पडवळ, दोडका, कारले वा काकडी यांचा वेल जमिनीवर पसरू दिला, तर फळ हाती लागण्याआधी कुजते. म्हणून मृगाच्या तोंडावर बी टोकावे आणि वेल हातभर होण्याच्या आत मांडव घालावा, ही येथील रीत. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नसते. त्या दिवशीची भाजी परसातून येते, आणि तिचा मोठा वाटा या मांडवावरून उतरतो.

‘मांडव’ हा शब्द संस्कृत ‘मंडपा’पासून आला. लग्नाचा मांडव आणि दोडक्याचा मांडव यांची रचना मुळात एकच. दोन्हींचा प्रारंभ मेढीने होतो. लग्नात तिला मुहूर्तमेढ म्हणून हळदकुंकू मिळते, परसात ते मिळत नाही, एवढाच भेद. वर दुबेळके असलेल्या मेढी चार कोपऱ्यांत हातभर खोल रोवायच्या. दुबेळक्यांत आडवे वासे बसवायचे, त्यांवर चिव्याच्या काठ्या उभ्या-आडव्या पसरायच्या आणि सांधा न्‌ सांधा दोराने बांधायचा. दोर काथ्याचा, किंवा केवणीच्या, म्हणजे मुरुडशेंगेच्या झाडाच्या सालीचा. उंची अशी, की माणसाने हात वर केला की फळ तोडता यावे. पडवळ सरळ वाढावे म्हणून त्याच्या टोकाला लहानसा दगड बांधण्याची युक्ती वाचकांपैकी अनेकांनी लहानपणी स्वतः केली असेल.

यात खिळा कोठेही नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. खिळ्याने चिवा फाटतो, आणि त्या फटीत पाणी शिरून तो कुजतो. दोराची गाठ वाऱ्याबरोबर थोडी हलते आणि पुन्हा जागेवर येते. मातीतले टोक आधी विस्तवावर भाजून काळे करतात, म्हणजे ते लवकर कुजत नाही. बांबू तोडल्यावर काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात. त्यातील पिठूळ अंश निघून गेल्यामुळे भुंगा कमी लागतो. पानवेल किंवा मिरवेल चढवायची असेल, तर मेलेल्या लाकडाऐवजी पांगाऱ्याची ओली फांदीच रोवतात. ती फुटते, आणि आधारच झाड होतो.

या मांडवाशेजारी बेळगावच्या कॅम्पातील जाफरी ठेवून पाहावी. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि पुढे तेथे छावणी वसली. बंगल्यांबरोबर व्हरांड्यांना आणि बागांना लाकडी पट्ट्यांच्या चौकटीदार जाफऱ्या आल्या. जाफरीला सुतार, रंधा, खिळे आणि रंग लागतो. मांडवाला कोयता आणि दोर पुरतो. जाफरीवर मधुमालती शोभते. परंतु लांब फळाला खाली लोंबायला जागा हवी, ती मांडवच देतो. जाफरीला खोडाची फळी लागते. मांडवाचे काम फांदीवर आणि काठीवर भागते. आमच्या दृष्टीने इतिहासाचा धागा येथे आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (सुमारे १७१५) आरमाराच्या लाकडाविषयी सूचना आहेत. सागासारखे लाकूड हुजूरच्या परवानगीने तोडावे. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. जीर्ण झाड घेणेच पडले, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे. म्हणजे ज्याने झाड वाढवले, त्याचा शब्द राजाच्या गरजेपुढेही उरत होता.

१८७८ च्या वनकायद्याने रान ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ अशा वर्गांत विभागले. काल जी वहिवाट होती, ती आज सवलत झाली. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्याविषयीची रयतेची तक्रार स्पष्टपणे मांडली. १९२७ च्या कायद्यात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूही होता. वनस्पतिशास्त्राने ज्याला गवताच्या कुळात बसवले, ते कायद्याने वृक्ष ठरले.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेने हा तालुका मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या घटनेची सल आमच्या वाचकांना सांगावयास नको. परंतु तिच्याबरोबर रानाचा कारभार आणि कागदाची भाषाही बदलली, हे आपण क्वचित बोलतो. त्या राज्याचा स्वतंत्र वनकायदा १९६३ चा. २०११ मध्ये जवळचे भीमगडचे रान अभयारण्य झाले. ते राखले जावे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. नद्यांची उगमे तेथे आहेत. तथापि मेढ आणण्यापूर्वी आता विचार करावा लागतो, हेही खरे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजांत आला, आणि २०११ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील लेखा-मेंढा गावाने ग्रामसभेच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकून दाखवला. २०१७ मध्ये केंद्राने १९२७ च्या कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला, तो वनाबाहेर वाढणाऱ्या बांबूसाठी. एका काठीला पुन्हा गवत व्हायला नव्वद वर्षे लागली.

दरम्यान परसांत लोखंडी नळ्या आणि नायलॉनची जाळी आली. ती टिकतात, आणि वेलाचीही काही तक्रार नसते. त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. पण जुना मांडव दरवर्षी घालावा लागे, म्हणून तो दरवर्षी शिकवलाही जाई: नातू मेढ धरी, आजोबा गाठ मारीत. आमची घराणी कोणी घाटाखालून, कोणी देशावरून येथे आली. कोणत्या लाकडाला पाणी लागते आणि कोणती साल दोराला चालते, हे या भूमीने त्यांना शिकवले, आणि त्या शिकण्यातून ती येथील झाली. जाळी विकत आणता येते. हे ज्ञान मात्र एक पिढी थांबले की संपते.

म्हणून आमची सूचना लहानशी आहे. ज्यांच्या बांधाला जागा आहे, त्यांनी चिव्याचे एक बेट लावावे, आणि पुढील मृगापूर्वी घरातल्या मुलाला मेढ धरायला बोलवावे.