शालेय पोषण आहार : अहिल्यानगर जिल्हा

शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना शाळेच्या दिवशी दुपारी शिजवलेले अन्न मोफत देण्याची योजना. केंद्र सरकारने ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. महाराष्ट्रात ती ‘शालेय पोषण आहार’ या नावाने रुळली. २०२१ पासून तिचे अधिकृत नाव ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना’ असे आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांच्या जेवणाचा खर्च सरकारने करावा का, हा वाद जगभर चालतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात या वादाच्या जवळपास सगळ्या बाजू शेजारीशेजारी पाहायला मिळतात, म्हणून ही स्वतंत्र नोंद. हा खर्च सरकारने केलाच पाहिजे, आणि तो कुटुंबाच्या शिधापत्रिकेला किंवा गावातल्या शाळेच्या इमारतीला न जोडता मुलाला जोडला पाहिजे, असे तिचे प्रतिपादन आहे.

१७,०४८ चौ. किमी. क्षेत्रफळाचा आणि १४ तालुक्यांचा हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. उत्तरेला प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या कालव्यांवर ऊस आणि दूध यांची समृद्धी उभी राहिली. लोणीजवळ प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने निघालेला सहकारी साखर कारखाना १९५०च्या हंगामापासून चालू झाला. दक्षिणेचे पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर हे तालुके पर्जन्यछायेतले. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत अकोले. तिथे पाऊस उदंड, पण महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत पावसाळ्याअखेरीस घरातले धान्य संपत आलेले असते. या भूगोलामुळे ‘कमी उत्पन्न’ हा शब्दप्रयोग इथे फसवा ठरतो. तहसीलदाराच्या दाखल्यावर वर्षाचा एकच आकडा असतो. घरात मात्र उत्पन्न महिन्यागणिक आणि पावसागणिक बदलते. पाथर्डी-शेवगावकडचे ऊसतोड जोडपे हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेते, ती लग्नकार्यात, औषधपाण्यात, जुन्या देण्यात जाते, आणि पुढचे पाच-सहा महिने मजुरीतून ती फिटत राहते. हातात पैसा आलेला दिसतो तेव्हाही तो आधीच खर्चलेला असतो. अशा घरातल्या मुलाच्या पोटाची जबाबदारी पूर्णपणे त्या घरावर टाकणे म्हणजे पावसाचा आणि कर्जाचा हिशोब सात वर्षांच्या मुलाकडून वसूल करणे होय.

मुलांना समाजाने जेवू घालावे, ही कल्पना महाराष्ट्रात बाहेरून आलेली नाही. १८७६-७७च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी सत्यशोधक समाजाच्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळ धनकवडीला बालाश्रम काढून दुष्काळग्रस्त मुलांच्या जेवणाची सोय केली. ज्यांच्या हाती तिजोरी नव्हती त्यांनी ते केले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९७२च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी आजही त्या पिढीच्या बोलण्यात येते. त्याच काळात जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये उभा केलेला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प गावोगाव पोहोचत होता. दुष्काळात गावांतल्या लहान मुलांसाठी सामूहिक स्वयंपाकघरे चालली. पुढे आरोळ्यांनी नुसत्या अन्नवाटपावर न थांबता गावातल्या, अनेकदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, पाणी आणि शेतीची कामे हाती घेतली. १९७१ मध्ये प्रकल्पाच्या गावांत हजारी १७६ असलेला बालमृत्युदर १९९०च्या दशकात ३०च्या खाली आला. फुकट जेवण हे खरे उत्तर नव्हे, खरे उत्तर म्हणजे पाणी, आरोग्य आणि रोजगार, असे म्हणणारे जामखेडचे उदाहरण देतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. अडवलेले पाणी विहिरीला यायला वर्षे जातात. मुलाची उंची आणि मेंदूची वाढ तेवढी वर्षे थांबून राहत नाही. जामखेडमध्येही आधी पोट भरले गेले आणि मग पुढचे काम झाले. एक केल्यावर दुसऱ्याची गरज नाही, असे तिथल्या अनुभवातून निघत नाही.

योजनेचे आजचे रूप बरेचसे न्यायालयाने घडवले. सुरुवातीला महाराष्ट्रात शिजवलेले अन्न नव्हते. ८० टक्के हजेरी भरणाऱ्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळे. तो घरी जाई आणि घरातल्या सगळ्यांत वाटला जाई, जे स्वाभाविकच होते. २८ नोव्हेंबर २००१ रोजी अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला किमान २०० दिवस शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. एप्रिल २००४ मध्ये दुष्काळी भागांत उन्हाळी सुट्टीतही जेवण द्यावे असे सांगितले. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलाचा कायदेशीर हक्क ठरवले. मे २०१६ मध्ये, नगर जिल्ह्यासह मराठवाडा होरपळत असताना, स्वराज अभियानाच्या याचिकेवर न्यायालयाने दुष्काळी भागांतल्या सुट्टीतल्या जेवणाचा पुन्हा आदेश दिला आणि शक्यतो आठवड्यातून पाच, निदान तीन दिवस अंडे, दूध किंवा तत्सम पोषक पदार्थ द्यावा असे म्हटले. बारा वर्षांत तीच गोष्ट दोनदा सांगावी लागली, यावरून अंमलबजावणीची गती कळते.

या खर्चातून काय साधते, याचा पुरावा आता भरपूर आहे. फरझाना आफ्रिदी यांच्या मध्य प्रदेशातील अभ्यासात दिसले की, शाळेत जेवलेल्या मुलांचे त्या दिवसाचे एकूण पोषण वाढते. शाळेत मिळाले म्हणून घरच्या ताटातले काढून घेतले जाते, ही शंका तिथे खरी ठरली नाही. तनिका चक्रबर्ती व राजश्री जयरामन यांना देशभरच्या आकडेवारीत आढळले की, प्राथमिकची पाच वर्षे जेवण मिळालेल्या मुलांची वाचनातील प्रगती, जेमतेम वर्षभर मिळालेल्यांपेक्षा जवळपास १८ टक्क्यांनी अधिक होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासाने दाखवले की, ज्या मुलींना शाळेत असताना हे जेवण मिळाले त्यांच्या पोटी पुढे जन्मलेली मुले वयाच्या मानाने अधिक उंच निघाली. अहिल्यानगरसाठी सर्वांत मोलाचा अभ्यास आंध्र प्रदेशातला आहे. अभिजीत सिंग, अल्बर्ट पार्क आणि स्टीफन डर्कन यांनी दुष्काळात सापडलेल्या घरांतील मुलांचे वजन-उंची तपासली. तान्ह्या वयात दुष्काळ सोसलेल्या मुलांची खुंटलेली वाढ शाळेतल्या जेवणाने भरून निघाल्याचे त्यांना आढळले. दर काही वर्षांनी टँकर लागणाऱ्या पाथर्डी, पारनेर, जामखेडला यापेक्षा अधिक लागू पडणारा निष्कर्ष सापडणे कठीण.

पोरे जन्माला घातली तर त्यांना जेवू घालणे आईबापांचे काम, हा आक्षेप तुच्छतेने झटकू नये. बहुतेक आईबाप ते काम जिवापाड करतात. पण ऊस तोडायला पहाटे फडात जाणारी आई दुपारच्या सुट्टीत शाळेत येऊन ताजे जेवण वाढू शकत नाही, आणि पहाटे बांधून दिलेल्या भाकरी-चटणीत प्रथिने किती असतील हे तिच्या मायेवर ठरत नाही. दुसरा आक्षेप असा, की गरजूंनाच द्या, सगळ्यांना कशाला? पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांवरून मुले निवडायची तर एकाच ओळीत बसलेल्या वर्गात दोन जाती नव्याने तयार होतील. शिवाय निवड आपोआप झालेलीच आहे. ज्यांना परवडते त्यांनी आपली मुले खासगी इंग्रजी शाळांत घातली आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत मांडीला मांडी लावून जेवणारे मूल हेच बहुतांशी गरजू मूल आहे, आणि ते ओळखायला कसलाही दाखला लागत नाही. फिनलंडने १९४८ पासून सर्वच मुलांना शाळेत मोफत जेवण देण्याचा मार्ग धरला, तेव्हा तो देश युद्धाने पिचलेला होता.

जेवणाऐवजी थेट खात्यात पैसे द्यावेत, ही सूचना कागदावर सुटसुटीत वाटते. महाराष्ट्राने ती २०२१ मध्ये करून पाहिली. त्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीतल्या ३५ दिवसांच्या जेवणापोटी पहिली ते पाचवीच्या मुलाला १५६ रुपये आणि सहावी ते आठवीच्या मुलाला २३४ रुपये बँकेत जमा करायचे ठरले. त्यासाठी मुलाच्या नावाचे खाते हवे होते, आणि ते उघडायला त्या रकमेपेक्षा जास्त खर्च येतो, अशी तक्रार पालक-शिक्षकांकडून लगेच झाली. मजुरी बुडवून तालुक्याला घातलेली खेप त्यात धरलेलीही नाही.

दर्जाचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या विषारी जेवणाने २३ मुले दगावली. त्यानंतर निदान एका शिक्षकासह मोठ्या माणसांनी आधी चव घ्यावी, साठा वेगळा ठेवावा, हे नियम देशभर कडक झाले. पण दर्जाचे मूळ पैशात आहे. मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे १० रुपये १७ पैसे असा साहित्यखर्च ठरला आहे. तांदूळ वेगळा मिळतो. यात डाळ, तेल, भाजी, मीठमसाला आणि इंधन बसवून प्राथमिकच्या मुलासाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने साधायची. स्वयंपाकी-मदतनीस बाईंना महिन्याला अडीच हजार रुपये मानधन, तेही वर्षातून दहाच महिने. एवढ्या पैशात हे काम रोज होते, याचे श्रेय त्या बायांना आहे, धोरणाला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्यांना केळे, देण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला. शाळांनी लोकसहभागातून द्यायचे तर द्यावे, असे ठरले. अकोले तालुक्यातल्या आदिवासी गावात याचा अर्थ फार विचित्र होतो. तिथे अंगणवाडीतल्या मुलाला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून आठवड्याला चार दिवस अंडे किंवा केळी देण्याची तरतूद आहे. ते सहा वर्षांचे होऊन पहिलीत गेले की अंडे बंद. ज्या जिल्ह्यात दुधाचा भाव पडला की शेतकरी रस्त्यावर दूध ओततात, तिथल्या शाळेत मुलाला पेलाभर दूध मिळू नये, आणि बाजरी-ज्वारी पिकवणाऱ्या पारनेर-पाथर्डीत ताटात वर्षभर तांदूळच असावा, याला खर्चाची सबब पुरत नाही. जिल्ह्याच्या दूध संघांकडून आणि बचत गटांकडून खरेदी केली तर हा पैसा मुलाच्या पोटातून पुन्हा त्याच्याच गावात येतो.

योजनेची खरी कसोटी मात्र दिवाळीनंतर लागते. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात किंवा जिल्ह्यातल्याच उत्तरेकडच्या कारखान्यांवर जातात. मूल कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे झोपडीत, आणि तांदूळ गावच्या शाळेत, अशी फाटाफूट होते. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपेपर्यंत, कायद्याने त्याचे असलेले जेवण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. यावर दोन उपाय आहेत. मूल आजी-आजोबांपाशी गावात राहिले तर हंगामी वसतिगृहातून सकाळ-संध्याकाळचे जेवण देता येते, मात्र मंजुरी टोळ्या निघण्याआधी यायला हवी. आईबापांबरोबर गेलेल्या मुलाला मागाहून आलेल्या मंजुरीचा उपयोग नाही. संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे उभारण्याचा निर्णय राज्याने २०२१ मध्ये घेतला, तोही याच दिशेचा. पण अगदी लहान मुले आईला सोडून राहत नाहीत आणि त्यांनी राहावे अशी सक्तीही करू नये. त्यांच्यासाठी जेवण कारखान्याच्या तळावर पोहोचले पाहिजे. पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न इथे विचारण्याचे कारण नाही. ऊसतोड कामगारांच्या कल्याणकारी महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या उसावर टनामागे १० रुपये द्यावेत आणि तेवढीच भर राज्याने घालावी, असे धोरण ठरलेले आहे. एक कोयता, म्हणजे एक जोडपे, दिवसाला दीड टन ऊस तोडते असे धरले तरी त्यांच्या एका दिवसाच्या कामामागे ३० रुपये जमा व्हायला हवेत. प्राथमिक वयाच्या त्यांच्या दोन मुलांच्या दुपारच्या जेवणाला, तांदूळ सोडून, १३ रुपये ५६ पैसे लागतात.

नियमांचीही अडचण नाही. योजनेच्या २०१५च्या नियमांनुसार शाळेच्या दिवशी जेवण दिले गेले नाही तर मुलाला धान्य आणि खर्चाचा भत्ता द्यावा लागतो, आणि सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस ते दिले गेले नाही तर राज्याला जबाबदारी निश्चित करावी लागते. स्थलांतर करणाऱ्या मुलाला गावची शाळा शिक्षण हमी पत्रक देते, ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येते. त्याच पत्रकावर त्याच्या वाट्याचे धान्य आणि रोजचा खर्च नव्या शाळेकडे वर्ग झाल्याची नोंद करता येईल, आणि ज्या तळाजवळ शाळा नाही तिथे अंगणवाडी किंवा साखरशाळा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्यावर चालणारी शाळा, ते जेवण शिजवील. शिक्षण विभाग, महिला व बालविकास विभाग आणि साखर आयुक्तालय यांनी ऑक्टोबरच्या आत, गाळपाचे परवाने देतानाच, तळागणिक मुलांची यादी करून ही तजवीज करायला हवी.