सफाईवाल्याच्या हुद्द्यावरचा संशोधक

आज मला तुम्हाला बाल्टिमोरला न्यायचं आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं, मेरीलँड राज्यातलं हे बंदराचं शहर. मी स्वतः तिथं गेलेलो नाही. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला. पण विज्ञान कोण करतं आणि ते कुणाच्या नावावर जमा होतं, हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेरच्या माणसालाही पडतो. मला तो बाल्टिमोरमुळं पडला.

२९ नोव्हेंबर १९४४. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर शस्त्रक्रिया चालू आहे. मुलीचं वजन जेमतेम चार किलो. हृदयात जन्मजात दोष. फुप्फुसांकडे पुरेसं रक्तच जात नाही, म्हणून ओठ निळे, नखं निळी. अशा मुलांना तेव्हा ‘निळी बाळं’ म्हणत, आणि ती बहुधा जगत नसत. या मुलांवर इलाज शोधा, असा आग्रह धरला होता डॉ. हेलन टॉसिग या बाईंनी. त्यांना स्वतःला ऐकू कमी यायचं. मुलांच्या छातीवर बोटं ठेवून त्या हृदयाची धडधड ओळखत. सुरी हातात घेतलेले सर्जन होते डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक. त्यांनी हाताकडे जाणारी एक रक्तवाहिनी वळवून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीला जोडायचं ठरवलं होतं.

ब्लेलॉक यांच्या मागं एका स्टुलावर एक कृष्णवर्णीय माणूस उभा होता. तो त्यांच्या खांद्यावरून पाहत होता आणि हलक्या आवाजात सांगत होता. टाका इथं घ्या, उलट दिशेनं घ्या. कारण ही जोडणी त्यानं कुत्र्यांवर कितीतरी वेळा केली होती. ब्लेलॉक यांनी ती एकदाच केली होती, तीही याच्या मदतीनं. एवढ्या लहान रक्तवाहिनीला चालतील अशा सुया बाजारात नव्हत्या. त्या त्यानंच तोडून, घासून तयार केल्या होत्या. या माणसाचं नाव व्हिव्हियन थॉमस. त्याच्याजवळ डॉक्टरची पदवी नव्हती, कॉलेजचीही नव्हती.

थॉमस १९१० साली लुईझियानात जन्मला आणि टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल गावात वाढला. वडील सुतार. मुलगाही रंधा-पटाशीत तयार झाला. डॉक्टर व्हायचं म्हणून सुतारकामाच्या मजुरीतून त्यानं पैसे साठवले होते. १९२९ साली अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला, पाठोपाठ बँका बुडाल्या, आणि त्यात ही पुंजीही गेली. १९३० च्या फेब्रुवारीत तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत कामाला लागला होता. थोडे दिवस काम करू, मग शिकायला जाऊ, असा बेत. ते थोडे दिवस संपले नाहीत.

ब्लेलॉक त्या वेळी ‘शॉक’वर काम करत होते. मोठी इजा झाल्यावर माणूस गार पडत जातो, नाडी सुटते, ते का होतं? शरीरात कसलं तरी विष पसरतं, अशी समजूत होती. ब्लेलॉक यांनी दाखवून दिलं की, विषामुळं नव्हे, तर रक्त आणि द्रव कमी झाल्यानं हे घडतं. तेव्हा रक्त द्या, द्रव द्या. दुसऱ्या महायुद्धात या ज्ञानानं असंख्य सैनिक वाचले. त्यामागचे प्रयोग मांडणं, करणं, नोंदवणं यांतलं बरंचसं थॉमसच्या हातचं. आणि विद्यापीठाच्या दफ्तरात त्याचा हुद्दा काय होता? सफाईवाला! पगारही तोच. हे कळल्यावर त्यानं तक्रार केली, तेव्हा पुढं त्याला तंत्रज्ञाच्या श्रेणीत घेतलं गेलं.

इथं मला माझे एक मामू आठवतात. एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात ते शिपाई होते. द्रावणं तेच बनवत, काचेच्या उपकरणांना काय सोसतं आणि काय नाही हे त्यांनाच ठाऊक. प्रॅक्टिकलच्या परीक्षेआधी मुलं त्यांच्याभोवती गोळा व्हायची. नवे प्राध्यापकसुद्धा हळूच विचारून घ्यायचे. पण कॉलेजचा ग्रुप फोटो निघाला की, मामू खुर्च्या मांडायचे आणि फोटोच्या चौकटीबाहेर जाऊन उभे राहायचे. थॉमसबद्दल वाचताना मला ती रिकामी चौकट दिसत राहिली.

१९४१ साली ब्लेलॉक हॉपकिन्सला आले, ते थॉमसला बरोबर घेऊनच. तोपर्यंत त्या संस्थेत कृष्णवर्णीय माणूस दिसला, तर त्याच्या हातात झाडू असे. पांढरा कोट घालून व्हरांड्यातून चालणाऱ्या थॉमसकडे लोक थांबून पाहत. पगार पुरत नसे. ब्लेलॉक यांच्या घरच्या मेजवान्यांत तो पाहुण्यांना पेयं देण्याचं काम करी. सकाळी ज्या तरुण सर्जनांना टाके शिकवायचे, संध्याकाळी त्यांच्याच पुढ्यात पेले ठेवायचे. ब्लेलॉक दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. थॉमस हाताशी नसेल, तर ते शस्त्रक्रिया सुरू करायला कचरत. पण १९४५ साली निळ्या बाळांच्या शस्त्रक्रियेवरचा तो गाजलेला लेख प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर नावं दोनच होती. ब्लेलॉक आणि टॉसिग. थॉमसचा लेखात साधा उल्लेखही नाही. ज्या कुत्रीवर हा प्रयोग पहिल्यांदा दीर्घकाळ टिकला, तिचं नाव ॲना. तिचं चित्र हॉपकिन्सच्या भिंतीवर लागलं.

थॉमसचं चित्र लागायला १९७१ साल उजाडलं. तेही त्याच्या हाताखाली शिकून पुढं देशभर नामांकित झालेल्या सर्जनांनी पुढाकार घेतला म्हणून. १९७६ साली विद्यापीठानं त्याला मानद डॉक्टरेट दिली; ती कायद्याची, वैद्यकाची नव्हे. त्याच सुमारास त्याला शल्यचिकित्सेचा शिक्षक म्हणून रीतसर नेमणूक मिळाली. शिकवत तर तो तीस वर्षं होताच!

आता कुणी म्हणेल, तो काळच तसा होता. दारं उघडली, प्रश्न मिटला. हॉपकिन्सच्या वैद्यकीय विद्यालयात पहिले दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी १९६३ साली दाखल झाले. व्हँडरबिल्टच्या वैद्यकीय विद्यालयानं आपला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतला १९६६ साली. हे लेवाय वॉटकिन्स. अलाबामाचे. लहानपणी ज्या चर्चमध्ये जायचे, तिथले धर्मगुरू होते मार्टिन ल्यूथर किंग. डॉक्टर होऊन वॉटकिन्स हॉपकिन्सला आले, थॉमसचे स्नेही झाले आणि १९८० साली हृदयाचे ठोके बिघडल्यावर आपोआप झटका देणारं यंत्र माणसाच्या शरीरात बसवण्याची जगातली पहिली शस्त्रक्रिया त्यांनी केली. त्याआधीच, १९७९ पासून, ते प्रवेश समितीवर गेले होते. तिथं त्यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थी येतील तेव्हा येतील अशी वाट पाहिली नाही. त्यांना शोधून, पत्रं लिहून बोलावलं. नुसतं दार उघडून भागत नाही, हे दारातून एकट्यानं आत गेलेल्या माणसाला जास्त कळतं.

हा एकटेपणा काय असतो, ते मला थोडंफार ठाऊक आहे. माझी कविता वाचून झाली की, कुणीतरी प्रेमानं म्हणतं, ‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ माझ्या आधी वाचलेल्या कवीला तसं कुणी म्हणालेलं नसतं. आपण घरातलेच असून पाहुणे ठरतो. वाईट हेतू कुणाचाच नसतो, पण पुढची ओळ म्हणताना आवाज जरा सांभाळावा लागतो.

फ्रीमन ह्राबाउस्की यांनाही हे नेमकं माहीत होतं. तेही अलाबामाचे, बर्मिंगहॅम गावचे. १९६३ साली त्या गावात शाळकरी मुलांनी वंशभेदाविरुद्ध मोर्चे काढले, त्यात बारा वर्षांचे ह्राबाउस्की होते. पोलिसांचा प्रमुख त्यांच्या तोंडावर थुंकला आणि पाच दिवस त्यांना कोठडीत काढावे लागले. मुलगा गणितवेडा, सभेतही मागच्या बाकावर बसून गणितं सोडवायचा. पुढं इलिनॉय विद्यापीठात उच्च गणिताच्या वर्गात बहुधा एकटाच कृष्णवर्णीय. १९८७ साली ते बाल्टिमोरच्या वेशीवरच्या एका तरुण सरकारी विद्यापीठात आले. १९६६ साली सुरू झालेल्या या विद्यापीठात पहिल्या दिवसापासून सर्व वर्णांच्या मुलांना प्रवेश होता. तरीही विज्ञान शाखेतली कृष्णवर्णीय मुलं पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रात, गणितात गळत. हुशार मुलंही गळत. पीएच.डी.पर्यंत जाण्याचा तर प्रश्नच नव्हता.

१९८८ साली रॉबर्ट आणि जेन मायरहॉफ या दांपत्यानं पाच लाख डॉलरची देणगी दिली. रॉबर्ट बांधकाम व्यावसायिक. टीव्हीवर कृष्णवर्णीय तरुण दिसतो तो एकतर बेड्यांत, नाहीतर खेळाच्या मैदानात, हे त्यांना खटकत होतं. त्या पैशातून १९८९ साली एकोणीस मुलांची पहिली तुकडी सुरू झाली. पुढच्या वर्षी मुलीही आल्या.

या योजनेत पैशापेक्षा मला शिस्तीचं आश्चर्य वाटतं. कॉलेज सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात सहा आठवडे मुलांनी एकत्र राहायचं, एकत्र अभ्यास करायचा. एखाद्याला विषय जड जात असेल, तर ते सगळ्या तुकडीचं काम. पायाभूत विषयात जेमतेम पास झालात, तर तो विषय पुन्हा करा. त्यात कमीपणा नाही. आणि पहिल्या वर्षापासून खऱ्या प्रयोगशाळेत खऱ्या संशोधनावर काम. ‘मदत’ या शब्दातून जी दया डोकावते, तिला इथं जागा नव्हती; अपेक्षा मात्र फार उंच होती. गुणवत्ता की संधी, असा वाद आपल्याकडे चहाच्या प्रत्येक टपरीवर चालतो. ह्राबाउस्कींनी त्या वादात न पडता तुकड्यांमागून तुकड्या बाहेर काढल्या. ज्यांना निवडलं होतं, पण ज्यांनी दुसरीकडे प्रवेश घेतला, अशा मुलांशी पुढं तुलना झाली. पीएच.डी.कडे वळणाऱ्यांचं प्रमाण इथल्या मुलांत सुमारे पाचपट निघालं.

आपल्या वाचकांना हा धागा परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बसून एका माणसाला ते दुःख आणि आपलं दुःख जोडावंसं वाटलं.

पीएच.डी. मिळाली, प्रयोगशाळा मिळाली, तरी पुढं पैसा लागतो. तो तिथं मुख्यतः राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडून मिळतो. २००० ते २००६ या काळातले तिच्याकडचे ८३ हजारांवर अर्ज तपासून अर्थतज्ज्ञ डोना गिंथर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली निष्कर्ष मांडला. शिक्षण, अनुभव, प्रकाशित लेख हे सगळं हिशेबात धरल्यावरही कृष्णवर्णीय संशोधकांना अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा दहा टक्के गुणांनी कमी होती. खुद्द त्या संस्थेत खळबळ उडाली. २०१९ साली आणखी एका अभ्यासानं त्यातलं एक कारण दाखवलं. कृष्णवर्णीय संशोधक विषय निवडतात ते अनेकदा वस्तीतल्या आरोग्याचे, आजारपणातल्या विषमतेचे. आणि त्या विषयांना मुळातच पैसा कमी मिळतो. म्हणजे माणूस आत आला, पण त्याचा प्रश्न बाहेरच राहिला.

कोण आत आहे, यानं बाहेरच्यांना काय फरक पडतो? याचं उत्तर २०२० साली मिळालं. करोनाची लस आली, तेव्हा अमेरिकेतले अनेक कृष्णवर्णीय ती घ्यायला बिचकत होते. त्यांच्या बिचकण्याला इतिहास होता. अलाबामातल्या टस्कीगी इथं १९३२ पासून चाळीस वर्षं सरकारी डॉक्टरांनी शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश, औषध उपलब्ध झाल्यावरही, उपचार न करता नुसता पाहत ठेवला होता. या लोकांचा विश्वास मिळवायला सरकारचे ज्येष्ठ साथरोगतज्ज्ञ अँथनी फाउची यांनी जाहीरपणे एक गोष्ट सांगितली. ही लस घडवणाऱ्या पथकात डॉ. बार्नी ग्रॅहम यांच्या बरोबरीनं एक कृष्णवर्णीय तरुणी पुढं आहे, किझमेकिया कॉर्बेट. मॉडर्ना कंपनीच्या लशीमागचं संशोधन या पथकाचं. आणि कॉर्बेट? मायरहॉफ योजनेच्या विद्यार्थिनी, २००८ सालच्या पदवीधर.

कोर्टकज्जे या योजनांच्या मागं पहिल्यापासून आहेत. मेरीलँडमधल्याच दुसऱ्या एका शिष्यवृत्तीविरुद्ध निकाल गेल्यावर मायरहॉफ योजना १९९६ साली सर्व वर्णांच्या मुलांना खुली झाली, आणि तरीही चांगली चालली. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार करण्याला मनाई केली. २०२५ मध्ये नव्या सरकारनं तर विविधतेशी संबंध असल्याच्या कारणावरून संशोधनाची शेकडो अनुदानं रद्द केली. जूनमध्ये एका न्यायाधीशांनी ही कारवाई बेकायदा ठरवली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ती तूर्त चालू राहू दिली. काही प्रयोग अर्ध्यावर थांबले. प्रयोगशाळेत नुकतीच पाऊल टाकलेली मुलं आधी बाहेर पडतात. त्यांची नावं कुठल्याच लेखावर आलेली नसतात.

त्याआधी, २०२१ साली, हॉपकिन्समध्ये दीडशे दशलक्ष डॉलरच्या खासगी देणगीतून एक योजना जाहीर झाली होती. आजवर जे समाज संशोधनात कमी दिसले, त्यांच्यातल्या मुलामुलींना विज्ञानात पीएच.डी. करता यावी, यासाठी. विद्यार्थी ज्या संस्थांतून घ्यायचं ठरलं, त्यांत ह्राबाउस्कींचं विद्यापीठही आहे. योजनेला नाव दिलंय व्हिव्हियन थॉमसचं. त्याचं स्वतःचं शिक्षण नॅशव्हिलच्या शाळेपर्यंतचं.