आर्किमिडीजचे पुनर्लिखित हस्तलिखित

ग्रीक गणितज्ञ आर्किमिडीज (इ. स. पू. सु. २८७–२१२) याच्या ग्रंथांची पुसलेली संहिता ज्यावरील प्रार्थनांखाली दडलेली आहे, असे मध्ययुगीन चर्मपत्री हस्तलिखित. चर्मपत्र महाग असल्यामुळे जुन्या ग्रंथांची पाने धुऊन वा खरवडून पुन्हा वापरण्याची प्रथा मध्ययुगात रूढ होती. दहाव्या शतकात उतरविलेली ही संहिता १२२९ मध्ये अशीच पुसण्यात आली. पाने आडवी फिरवून व दुमडून त्यांवर ग्रीक भाषेतील ख्रिस्ती प्रार्थना लिहिण्यात आल्या. त्यामुळे मूळ ओळी नव्या ओळींशी काटकोनात येतात.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ योहान लुडव्हिग हायबर्ग यांनी १९०६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे ही संहिता ओळखली व भिंगाच्या आणि छायाचित्रांच्या साहाय्याने तिचा बराच भाग वाचला. आकृतींचे सूक्ष्म काप काल्पनिक तरफेवर तोलून त्यांचे क्षेत्रफळ व घनफळ शोधण्याची आर्किमिडीजची रीत ज्या ग्रंथात सांगितली आहे, त्याची अन्य प्रत उपलब्ध नाही. पुढे हस्तलिखित खाजगी हाती गेले. त्यास बुरशी लागली, काही पाने नाहीशी झाली व चार पानांवर मध्ययुगीन भासणारी बनावट चित्रे रंगविण्यात आली. तेराव्या शतकातील पुसण्यातूनही जे वाचले होते, त्याची विसाव्या शतकात मोठी हानी झाली. हायबर्ग यांची छायाचित्रे त्यामुळे अमोल ठरली.

१९९८ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात ते २० लाख डॉलरना विकले गेले. नाव गुप्त राखणाऱ्या खरेदीदाराने ते १९९९ मध्ये बॉल्टिमोर येथील वॉल्टर्स कलासंग्रहालयाकडे अभ्यासार्थ सोपविले. पुसलेल्या शाईचा अंश चर्मपत्रात उरतो, हे संशोधनाचे मूलतत्त्व होय. जंबुपार प्रकाशात चर्मपत्र उजळते व शाईचा माग काळसर दिसतो. निरनिराळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात घेतलेल्या प्रतिमांची संगणकाद्वारे सांगड घालून वरची व खालची लिपी वेगळी करण्यात आली. चित्रांखालील मजकुरासाठी २००५ पासून स्टॅनफर्ड येथील सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी शाईतील लोहाचे नकाशे काढण्यात आले. २००१ मध्ये रेव्हिएल नेट्झ व केन सायतो यांनी हायबर्ग यांना न वाचता आलेला एक भाग वाचला. अनंत घटकांचे दोन समूह संख्येने समान असल्याचा युक्तिवाद आर्किमिडीज तेथे करतो, असे त्यांनी दाखविले. अथेन्सचा वक्ता हायपराइडीझ याची अज्ञात भाषणेही या पानांत सापडली. सर्व प्रतिमा २००८ मध्ये विनामूल्य खुल्या करण्यात आल्या.

अशाच प्रतिमांकनाने सिनाईच्या सेंट कॅथरीन मठातून आलेल्या एका पुनर्लिखित हस्तलिखितात हिपार्कस याच्या तारासूचीचे अंश सापडले व ते २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. अलीकडे या कामी मशीन लर्निंगचाही उपयोग होतो. निश्चित वाचलेली अक्षरे नमुन्यादाखल देऊन संगणकाला शाई व चर्मपत्र यांतील भेद शिकविला जातो आणि न वाचलेल्या जागी शाई असण्याची शक्यता तो दर्शवितो. मात्र नमुन्यांची सवय लागलेले यंत्र डागालाही अक्षराचे रूप देऊ शकते. म्हणून त्याचे उत्तर मूळ प्रतिमेशी, लिपीच्या वळणाशी व संदर्भातील अर्थाशी ताडून पाहावे लागते. संहिता निश्चित करण्याची जबाबदारी अखेर वाचणाऱ्या अभ्यासकाचीच राहते.